शोधनिबंध मोजावेत की वाचावेत?
जेम्स ॲलिसन यांच्या संशोधनलेखनाच्या निमित्ताने

मराठीत शास्त्रज्ञांचा परिचय करून देण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. जन्म, शिक्षण, संस्था, मानसन्मान आणि शेवटी एक वाक्य : 'त्यांचे अमुक इतके शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत.' विज्ञानदिनाच्या भाषणात हा आकडा सांगितला की मुले टाळ्या वाजवतात. फलंदाजाच्या धावांसारखा तो लक्षात राहतो. पण धाव ही कोठेही काढली तरी धावच असते. निबंधांचे तसे नाही. एक निबंध एखाद्या विषयाची दिशा बदलतो, दुसरा प्रसिद्ध होतो आणि कपाटात पडून राहतो. यादीत दोघांनाही एकेकच ओळ मिळते.

शास्त्रज्ञाच्या लेखनाचे मोल करायचे तरी कसे? हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. म्हणून आम्ही एकच शास्त्रज्ञ निवडला आहे. जेम्स ॲलिसन हे अमेरिकेतील कर्करोग आणि प्रतिकारक्षमता या विषयांतले संशोधक. १९४८ साली टेक्सास राज्यात त्यांचा जन्म झाला आणि २०१८ साली जपानचे तासुकु होंजो यांच्याबरोबर त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या काही निबंधांकडे क्रमाने पाहिले, तर आकड्यांतून काय कळते आणि काय निसटते हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

उल्लेखांचे मोजमाप

प्रथम मोजण्याच्या साधनांविषयी. एका निबंधात आधीच्या निबंधाचा आधार घेतला की शेवटच्या यादीत त्याचे नाव येते. याला आपण 'उल्लेख' म्हणू. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला याची सूची करावी, ही कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ पासून अशी सूची नियमितपणे निघू लागली. मूळ हेतू होता शोध सोपा करणे : एका जुन्या निबंधापासून निघून त्या विषयावरील नवे काम गाठता यावे. पण सूची हाती आली की मोजण्याचा मोह आवरत नाही. कोणाचे उल्लेख किती, कोणत्या नियतकालिकाच्या निबंधांना सरासरी किती, असे हिशेब सुरू झाले. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच निर्देशांक' सुचवला. एखाद्याच्या ३० निबंधांचे प्रत्येकी किमान ३० उल्लेख झाले असतील, आणि ३१ निबंधांबाबत तसे म्हणता येत नसेल, तर त्याचा निर्देशांक ३०.

हे आकडे निरर्थक आहेत असे आमचे म्हणणे नाही. एखादे काम इतरांच्या उपयोगी पडले की नाही याची खूण त्यांतून मिळते. पण उपयोगी पडणे आणि थोर असणे यांत अंतर आहे. 'नेचर' नियतकालिकाने २०१४ मध्ये आजवर सर्वाधिक उल्लेख झालेल्या निबंधांची यादी छापली. तिच्यात पहिला क्रमांक होता ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचा. उल्लेख ३ लाखांहून अधिक. त्यात कोणताही नवा सिद्धान्त नव्हता. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची एक सोयीची पद्धत त्यात दिली होती. चांगली मोजपट्टी प्रत्येक कारागिराला लागते, म्हणून तिचे नाव सर्वांच्या तोंडी असते. मोजपट्टी उपयोगाची आहेच, पण घर कोणी बांधले हे तिच्यावरून कळत नाही.

१९८२ चा निबंध

आता ॲलिसन यांच्याकडे वळू. शरीरातील पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी या परक्या वस्तू ओळखतात, हे १९७०च्या दशकात माहीत झाले होते. त्या कशाच्या साहाय्याने ओळखतात हे मात्र कोडे होते. पेशीच्या पृष्ठभागावर एखादे ग्राही प्रथिन असणार याबद्दल शंका नव्हती, पण ते कोणाच्या हाती लागत नव्हते.

ॲलिसन तेव्हा टेक्सासमधील स्मिथव्हिल या छोट्या गावातील संशोधनकेंद्रात होते. त्यांनी एक साधा तर्क केला. प्रत्येक टी-पेशी आणि तिची संतती यांचा ग्राही इतरांपेक्षा वेगळा असला पाहिजे. नाहीतर इतक्या नाना प्रकारच्या परक्या वस्तू ओळखल्या जाणार नाहीत. टी-पेशींचा कर्करोग एकाच बिघडलेल्या पेशीपासून वाढतो. म्हणजे त्या गाठीतील सर्व पेशींवर एकच ग्राही असेल, आणि तो दुसऱ्या टी-पेशींवर सापडणार नाही. तेव्हा उंदराच्या अशा एका कर्करोगाविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करायचे आणि ते फक्त त्याच पेशींना चिकटते का हे पाहायचे. असे प्रतिद्रव्य मिळाले. ते ज्या प्रथिनाला चिकटत होते ते दोन साखळ्यांचे बनलेले निघाले. हाच टी-पेशींचा ग्राही असावा, असे ॲलिसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सुचवले.

हा निबंध १९८२ मध्ये 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त आला. नियतकालिक प्रतिष्ठित, पण त्या विषयाच्या लोकांपुरते. शीर्षकात 'ग्राही' हा शब्दही नव्हता. उंदराच्या कर्करोगावरील एक विशिष्ट प्रतिजन, एवढेच त्यात म्हटले होते. केवळ यादी चाळणारा वाचक या ओळीवरून पुढे गेला असता. १९८३ मध्ये इतर गटांनी निराळ्या मार्गांनी तशीच प्रथिने शोधली, आणि १९८४ मध्ये मार्क डेव्हिस आणि टॅक मॅक यांच्या प्रयोगशाळांनी ग्राहीची जनुके हाती आणल्यावर शंका मिटली. नियतकालिकाच्या नावावरून निबंधाची किंमत करू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे. विद्यार्थ्यांनी शिकावा असा यातील भाग म्हणजे तो तर्क. आणि तो बारावीच्या मुलाला समजतो.

बदनाम झालेले क्षेत्र

कर्करोगाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती वापरावी ही कल्पना जुनी आहे. पण १९८०च्या दशकात तिला फारशी प्रतिष्ठा नव्हती. याचे एक कारण म्हणजे ओसियस स्टटमन यांनी १९७४ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. त्यांनी थायमस ग्रंथी नसलेले, म्हणजे टी-पेशींची उणीव असलेले, केसविरहित उंदीर घेतले आणि त्यांना कर्करोगकारक रसायन टोचले. प्रतिकारशक्ती कर्करोगावर पहारा देत असेल, तर या उंदरांत गाठी अधिक व्हायला हव्यात. तशा त्या झाल्या नाहीत. पहाऱ्याची कल्पना चूक आहे असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला.

प्रयोगात लबाडी नव्हती आणि मोजमापही बरोबर होते. पण त्या उंदरांत नैसर्गिक मारक पेशी शाबूत होत्या आणि काही टी-पेशीही होत्या, हे नंतर लक्षात आले. शिवाय त्या जातीच्या उंदरांवर वापरलेल्या रसायनाचा परिणाम फार तीव्र होत असे. पुढे रॉबर्ट श्रायबर आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्यात लिंफोसाइट पेशी बनतच नाहीत असे उंदीर वापरले. २००१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात प्रतिकारशक्ती कर्करोगाला खरोखरच अटकाव करते असे दिसले. मधली सुमारे २५ वर्षे एका नामवंत नियतकालिकातील, पुष्कळांनी उल्लेखलेला निबंध त्या क्षेत्राच्या वाटेत उभा होता. उल्लेखांची संख्या लोकांचे लक्ष कोठे होते हे सांगते. सत्य कोठे होते हे ती सांगत नाही.

तीन पानांचा निबंध

ॲलिसन १९८५ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. टी-पेशीला जागे करायला ग्राहीचा इशारा पुरत नाही, सीडी-२८ नावाच्या प्रथिनाकडून दुसरा इशाराही लागतो, हे दाखवण्यात त्यांच्या प्रयोगशाळेचा वाटा होता. याच प्रथिनाचे भावंड शोभेल असे सीटीएलए-४ हे प्रथिन फ्रान्समधील संशोधकांना १९८७ मध्ये सापडले होते. त्याचे काम काय यावर वाद होता. काहींच्या मते तेही टी-पेशीला चेतवणारे होते. १९९४ मध्ये जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटाने आणि १९९५ मध्ये ॲलिसन यांचे विद्यार्थी मॅथ्यू क्रुमेल यांनी ते टी-पेशीला आवरते असे दाखवले. त्याच वर्षी दोन गटांनी सीटीएलए-४ नसलेले उंदीर तयार केले. टी-पेशींची बेसुमार वाढ होऊन ते पिले जन्मल्यापासून तीन-चार आठवड्यांत दगावले. या शेवटच्या पुराव्यानंतर वाद फारसा उरला नाही.

इथपर्यंतचे श्रेय पुष्कळांचे आहे. ॲलिसन यांचे वेगळेपण पुढच्या प्रश्नात आहे. सीटीएलए-४ मुळे टी-पेशी आवरली जात असेल, तर ते प्रथिन प्रतिद्रव्याने झाकून टाकल्यास टी-पेशी कर्करोगावर तुटून पडेल का? डाना लीच या सहकाऱ्याने १९९४ च्या अखेरीस हा प्रयोग केला आणि निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की नाताळच्या सुट्टीत तो लगेच पुन्हा करण्यात आला. दुसऱ्या खेपेस ॲलिसन यांनी गाठी स्वतः मोजल्या. कोणत्या उंदराला काय टोचले आहे हे त्यांना मुद्दाम सांगितलेले नव्हते. मनाला हवे ते डोळ्यांना दिसू नये यासाठीची ही खबरदारी. सुरुवातीला सर्वच गाठी वाढत गेल्या. मग प्रतिद्रव्य दिलेल्या उंदरांतील गाठी वाढायच्या थांबल्या आणि विरून गेल्या.

लीच, क्रुमेल आणि ॲलिसन यांचा हा निबंध २२ मार्च १९९६ रोजी 'सायन्स'मध्ये आला. पाने तीन. आधीच वाढू लागलेल्या गाठींवरही उपचार लागू पडतो, आणि बऱ्या झालेल्या उंदरांना पुन्हा त्याच पेशी टोचल्या तरी गाठ होत नाही, असे त्यात दाखवले आहे. दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण रासायनिक औषधाला आठवण नसते, प्रतिकारशक्तीला असते.

निबंधाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. प्रयोगातील गाठी अशा पेशींच्या होत्या की ज्यांना प्रतिकारशक्ती मुळातच थोडीफार ओळखते. त्वचेच्या कर्करोगाच्या बी-१६ या चिवट नमुन्यावर हे प्रतिद्रव्य एकटे चालले नाही. त्याला लशीची जोड द्यावी लागली, असे ॲलिसन यांच्याच प्रयोगशाळेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या उंदरांच्या केसांचा रंगही गेला, म्हणजे टी-पेशींनी निरोगी रंगपेशींवरही हल्ला केला. पुढे रुग्णांत दिसलेल्या दोन्ही अडचणी, काही कर्करोगांचे दाद न देणे आणि स्वतःच्याच शरीरावर होणारे आघात, या निबंधात आधीच लिहून ठेवलेल्या आहेत. १९९६ चा निबंध सर्वांना माहीत असतो. १९९९ चा निबंध त्याच्या शेजारी ठेवून वाचला तर शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा दिसतो.

निबंधापासून औषधापर्यंत

पुढची पंधरा वर्षे निबंधांच्या यादीत नीट दिसत नाहीत. अनेक औषधकंपन्यांनी या कल्पनेत रस घेतला नाही. अखेर मेडारेक्स या लहान कंपनीने मानवी प्रतिद्रव्य तयार केले. त्याचे नाव इपिलिमुमॅब. चाचण्यांत एक पेच उभा राहिला. कर्करोगाचे औषध चालते की नाही हे गाठ ठराविक मुदतीत लहान होते का यावरून ठरवण्याची प्रथा होती. इथे गाठ कधी कधी आधी वाढल्यासारखी दिसे आणि मग ओसरे, जसे उंदरांत झाले होते तसेच. दुसऱ्या एका कंपनीने अशाच प्रतिद्रव्याची मोठी चाचणी २००८ मध्ये थांबवली. इपिलिमुमॅबच्या चाचणीत मात्र रुग्ण किती काळ जगतो हाच मुख्य निकष धरण्यात आला.

२०१० मध्ये ६७६ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्वचेच्या पसरलेल्या कर्करोगात आयुर्मानाचा मध्यांक सुमारे ६.४ महिन्यांवरून १० महिन्यांवर गेला. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. साडेतीन महिन्यांची वाढ ती काय, असे कोणी म्हणेल. गणिताच्या शिक्षकांनी येथे थांबावे. २०१५ मध्ये अनेक चाचण्यांतील १,८६१ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा दिसले की सुमारे एक पंचमांश रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते आणि तेथून पुढे आलेख जवळजवळ आडवा होता. काहींची नोंद दहा वर्षांपर्यंतची होती. मध्यांकाने ही माणसे झाकून टाकली होती. नियतकालिकाच्या सरासरी उल्लेखांवरून त्यातील एका निबंधाची किंमत ठरवताना हेच घडते. मूठभर निबंधांचे उल्लेख अफाट असतात, बाकीच्यांचे थोडे, आणि सरासरी कोणाचेच खरे चित्र देत नाही.

'ब्रेक'ची उपमा आणि श्रेयाची वाटणी

पाठ्येतर पुस्तकांत हे काम सांगताना गाडीची उपमा देतात : सीडी-२८ म्हणजे ॲक्सिलरेटर, सीटीएलए-४ म्हणजे ब्रेक, आणि औषध म्हणजे ब्रेकवरचा पाय काढणे. उपमा सोयीची आहे, पण अपुरी आहे. सीटीएलए-४ हे नियामक टी-पेशींवर, म्हणजे इतर टी-पेशींना शांत ठेवणाऱ्या पेशींवर, भरपूर असते. प्रतिद्रव्यामुळे उंदराच्या गाठीतील अशा पेशी नष्ट होतात आणि उपचाराच्या यशात त्याचा मोठा भाग असतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात दाखवले आहे. त्या निबंधाच्या लेखकांत ॲलिसन यांचेही नाव आहे. माणसात असेच घडते का यावर मतभेद आहेत. ज्या उपमेने आपले नाव झाले तिच्यात दुरुस्ती सुचवणाऱ्या निबंधावरही आपले नाव असावे, ही गोष्ट आम्हाला उल्लेखांच्या संख्येहून मोलाची वाटते.

श्रेयाचा प्रश्न याहून अवघड आहे. नोबेल पारितोषिक एका विषयात तिघांपलीकडे देत नाहीत. होंजो यांच्या गटाने पीडी-१ हे प्रथिन १९९२ मध्ये शोधले. पेशी मरतात कशा याचा शोध घेताना ते सापडले, म्हणून त्याला 'नियोजित मृत्यू' असे नाव पडले. तेही टी-पेशींना आवरते हे नंतर कळले. पीडी-१ ज्याला चिकटते त्या प्रथिनावर गॉर्डन फ्रीमन, क्लाइव्ह वुड आणि लीपिंग चेन यांनी काम केले होते. होंजो यांच्या एकस्वांत फ्रीमन आणि वुड यांचीही नावे संशोधक म्हणून घातली पाहिजेत, असा निर्णय बोस्टनच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२० मध्ये अपिलात तो कायम झाला. कोणी कोणाला कोणती माहिती केव्हा दिली याचा कीस न्यायालयात काढावा लागला. निबंधावरील नावांचा क्रम एवढे सांगत नाही.

मुंबईतील एक निबंध

पीडी-१ ला रोखणाऱ्या निवोलुमॅब या औषधाचा आपल्याशी थेट संबंध आहे. तंबाखूमुळे तोंडाचे व घशाचे कर्करोग आपल्याकडे फार, आणि हे औषध बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेरचे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रश्न विचारला, की इतकी मात्रा खरोखर लागते का? पूर्ण बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांची त्यांनी चाचणी घेतली. निम्म्यांना तोंडावाटे घ्यायची स्वस्त औषधे दिली, निम्म्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी आहे. एक वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के आणि दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. हा निबंध 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त आला.

चाचणी लहान होती आणि पूर्ण मात्रेशी तुलना तीत नव्हती, हे सांगायला हवे. पण ॲलिसन आणि होंजो यांच्या कामाचा प्रभाव विचारला तर आम्ही या निबंधाकडे बोट दाखवू. त्यात मूळ कल्पनेचा उल्लेख आहे आणि तिच्यापुढे टाकलेले पाऊलही आहे. सूचीत मात्र त्याची नोंद इतर हजारो उल्लेखांसारखी एकच धरली जाते.

वर्गासाठी

हा विषय शाळेपासून दूरचा नाही. आज बारावीत असलेली मुले उद्या संशोधनाकडे वळतील. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, निबंधांना गुण मिळू लागले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना आपल्याकडे गिऱ्हाईक मिळाले. मोजमापच ध्येय झाले की मोजायची वस्तू नासते. जगातही याची जाणीव झाली. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संशोधकांनी आणि संपादकांनी नियतकालिकाच्या सरासरीवरून संशोधकाला जोखू नये असा जाहीरनामा तयार केला.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शास्त्रज्ञाचा परिचय देताना निबंधांची संख्या गाळावी आणि एकच निबंध घेऊन चार प्रश्न विचारावेत. त्यापूर्वी काय माहीत नव्हते? लेखकांनी कोणता तर्क केला? आपण फसू नये म्हणून कोणती काळजी घेतली? आणि त्यावर पुढे कोणी काय उभारले, किंवा काय पाडले? १९८२ च्या निबंधातील तर्क फळ्यावर मांडायला पंधरा मिनिटे पुरतात. १९९६ च्या प्रयोगातील गाठ मोजणाऱ्याला उंदरांचे गट का सांगितले नाहीत, हा प्रश्न नववीच्या वर्गात विचारून पाहावा. उत्तरे मुलेच देतील, आणि त्यांपैकी एखादे आपल्यालाही सुचलेले नसेल.